कार्यप्रणाली बदलल्यानंतर संगणकाची साधने का अडतात

कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा कारभारी होय. कळफलकावर दाबलेले अक्षर पडद्यावर नेणे, साठविलेला मजकूर शोधून आणणे, प्रिंटरला कागद ओढावयास सांगणे, ही सर्व कामे तिच्या आज्ञेने चालतात. परंतु जगातील प्रत्येक प्रिंटरची किंवा प्रत्येक ध्वनिसाधनाची बोली तिला ठाऊक असणे शक्य नसते. यास्तव साधन तयार करणारा कारखाना साधनासोबत एक लहानशी आज्ञावली देतो. तिला ड्रायव्हर असे म्हणतात. ड्रायव्हर हा कारभारी आणि साधन यांच्यामधील दुभाष्या आहे. एका बाजूस त्यास कार्यप्रणालीची भाषा यावी लागते, दुसऱ्या बाजूस साधनाची. कार्यप्रणाली बदलली की कारभाऱ्याची भाषा बदलते. दुभाष्या मात्र जुनाच राहतो, आणि मग कालपर्यंत बिनतक्रार चालणारा प्रिंटर आज जणू बहिरा होतो.

पूर्णा–नांदेड लोहमार्गावरील चुडावा येथील विद्यार्थ्यांना ही गोष्ट समजावून देण्यास पुस्तकाची गरज नाही. निजामाच्या राजवटीत घातलेला मनमाड–सिकंदराबाद मार्ग मीटर गेजचा होता, म्हणजे दोन रुळांमधील अंतर १,००० मिलिमीटर होते. या भागात विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात त्याचे रुंदीकरण होऊन हे अंतर १,६७६ मिलिमीटर झाले. गाव तेच राहिले, स्थानकही तेच राहिले. परंतु जुना डबा कितीही धडधाकट असला तरी तो नव्या रुळांवर चालणे शक्य नव्हते. पूर्णेहून हिंगोली व अकोल्याकडे जाणारा फाटा २००८ च्या सुमारास रुंद झाला. तोपर्यंत पूर्णा जंक्शनवर उतारूंना एका मापाच्या गाडीतून उतरून दुसऱ्या मापाच्या गाडीत बसावे लागे. डबा मोडला नव्हता, रूळ बदलला होता. संगणकाच्या बाबतीत हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे चांगली साधने कपाटात जाऊन पडतात आणि जडसंग्रह नोंदवहीत त्यांच्यापुढे 'नादुरुस्त' असा शेरा पडतो. एकदा शेरा पडला की ते साधन पुन्हा कोणी हाती घेत नाही.

हा प्रश्न आज अधिक तीव्र होण्याचे कारण उघड आहे. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी, आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आधार संपला याचा अर्थ संगणक त्या दिवशी बंद पडला असा नव्हे. त्यात आढळणारी सुरक्षेची छिद्रे बुजविण्याचे नित्याचे काम कंपनीने थांबविले, एवढाच त्याचा अर्थ. विद्यार्थ्यांची माहिती ज्या यंत्रावरून भरली जाते त्या यंत्राच्या बाबतीत ही छिद्रे दुर्लक्षिता येत नाहीत. म्हणून नवी प्रणाली घ्यावी लागते, आणि घेतली की साधने अडतात.

अडणे तीन प्रकारचे असते. हे प्रकार ओळखता आले की निम्मे काम झाले असे समजावे.

पहिल्या प्रकारात नवी प्रणाली त्या यंत्रावर चढतच नाही. विंडोज ११ साठी ६४ बिटांचा प्रोसेसर, किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण, यूईएफआय पद्धतीचा सुरक्षित आरंभ आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप यांची अट आहे. इंटेलचे प्रोसेसर, मोजके अपवाद सोडल्यास, आठव्या पिढीचे किंवा त्यापुढचे असावे लागतात, आणि ती पिढी २०१७ मध्ये बाजारात आली. त्यापूर्वीची यंत्रे या अटीत बसत नाहीत. तथापि 'टीपीएम आढळले नाही' असा संदेश आला म्हणून लगेच निराश होऊ नये. कित्येक यंत्रांत ही सोय असते, पण बायोसमध्ये ती बंद ठेवलेली असते. इंटेलच्या यंत्रांत ती पीटीटी या नावाने व एएमडीच्या यंत्रांत एफटीपीएम या नावाने शोधावी. अटी चुकवून प्रणाली चढविण्याच्या युक्त्या बाजारात सांगितल्या जातात. शाळेच्या यंत्रावर त्या करू नयेत, कारण अशा यंत्रास पुढील सुधारणा मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही.

दुसऱ्या प्रकारात प्रणाली चढते, परंतु दुभाष्या मिळत नाही. यात सर्वांत अधिक आढळणारे कारण म्हणजे ३२ व ६४ बिटांचा भेद. ३२ बिटांच्या प्रणालीसाठी लिहिलेला ड्रायव्हर ६४ बिटांच्या प्रणालीत चालत नाही, आणि विंडोज ११ केवळ ६४ बिटांतच मिळते. जुन्या प्रिंटरच्या किंवा स्कॅनरच्या कारखानदाराने ६४ बिटांचा ड्रायव्हर कधी काढलाच नसेल, तर साधन उत्तम असूनही ते निरुपयोगी ठरते. जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा सर्वसाधारण ग्राहकांच्या हाती आले, तेव्हा चित्र व ध्वनी यांच्या ड्रायव्हरांची घडणच बदलण्यात आली होती. त्या वर्षी जगभर असंख्य साधने अशीच अडली. तेव्हा ही अडचण खेड्यातील शाळेची किंवा अपुऱ्या ज्ञानाची आहे, असा न्यूनगंड कोणी बाळगण्याचे कारण नाही.

तिसरा प्रकार असा की, साधन जेथे बसवावयाचे ती खाचच नव्या यंत्रात नसते. याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे. संगणकावर देवनागरी लिहिण्याची सोय नव्हती त्या काळी आयआयटी कानपूर येथे या विषयावर संशोधन झाले. पुढे १९८८ मध्ये पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाल्यावर ते काम तेथे वाढले, आणि त्यातून जिस्ट कार्ड प्रचारात आले. हे कार्ड संगणकाच्या आतील आयएसए नावाच्या खाचेत बसवीत. डॉस या तत्कालीन प्रणालीवर चालणाऱ्या इंग्रजी आज्ञावलीही मग मराठीत अक्षरे दाखवू लागत. ज्या कचेऱ्यांत ते कार्ड आले तेथे मराठीतील याद्या प्रथमच यंत्रावर तयार झाल्या. परंतु विंडोज आले आणि अक्षरे काढण्याचे काम प्रणालीने स्वतःकडे घेतले. डॉसच्या पडद्यासाठी केलेल्या कार्डाला काम उरले नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून नव्या मदरबोर्डांवरून आयएसए खाचही नाहीशी होत गेली. विंडोज २००० मध्ये तर मराठीचा आधार प्रणालीतच आला. कार्डे निकामी झाली ती बिघडली म्हणून नव्हे.

या उदाहरणात आणखी एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. कार्ड गेले तरी त्यामागील दोन गोष्टी टिकल्या. अक्षरांचे सांकेतिक क्रमांक इस्की या मानकात, १९९१ च्या भारतीय मानक क्रमांक १३१९४ मध्ये, लिहून ठेवलेले होते. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली आहे. त्यामुळे जुना मजकूर नव्या पद्धतीत उतरविणे शक्य झाले. तसेच इन्स्क्रिप्ट कळफलक जसाच्या तसा विंडोजमध्ये आला. जो कारकून जिस्ट कार्डावर इन्स्क्रिप्ट शिकला होता, त्याच्या बोटांना नवीन काही शिकावे लागले नाही. याउलट ज्यांनी आपला मजकूर एखाद्या खाजगी फाँटच्या मनमानी क्रमांकांत साठविला, त्यांना प्रणाली बदलताना पानेच्या पाने अगम्य चिन्हांत पाहावी लागली. साधन निवडताना ते उघड मानकावर चालते की एकाच कारखान्याच्या मर्जीवर, हे विचारण्याची सवय म्हणूनच लावून घेणे बरे.

आता प्रत्यक्ष उपाययोजनेकडे वळू. प्रणाली बदलण्यास परीक्षेचे, निकालाचे किंवा जूनमधील प्रवेशाचे दिवस निवडू नयेत. दिवाळीची सुटी त्यास योग्य. बदलण्यापूर्वी एका वहीत प्रत्येक साधनाचे नाव, नमुना क्रमांक व ते कोणत्या ठिकाणी जोडले आहे हे लिहून घ्यावे. शाळेचा सर्व मजकूर बाहेरच्या साठवणीवर उतरवून घ्यावा आणि तो तेथून उघडतो की नाही हे दुसऱ्या यंत्रावर पाहावे; उतरविला पण उघडून पाहिला नाही, तर उतरविला नाही असेच समजावे. वीज जाण्याचा संभव आपल्याकडे नेहमीच असतो. प्रणाली चढत असताना मध्येच वीज गेली तर यंत्र सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते. म्हणून इन्व्हर्टर भरलेला असावा.

एक काळजी विशेष घ्यावी. नेटवर्कचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवावा. शेतातील मोटार आत पाणी भरल्याशिवाय पाणी ओढीत नाही, तसेच येथे होते. नवी प्रणाली आली, नेटवर्क बंद पडले, आणि नेटवर्कचा ड्रायव्हर तर नेटवर्कवरूनच आणावयाचा असतो. अशी कोंडी झालीच तर मोबाइल संगणकास यूएसबी तारेने जोडून त्याचे इंटरनेट द्यावे. या मार्गास बहुधा वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

समजा, दोन शिक्षकी शाळा आहे. एक संगणक, एक प्रिंटर आणि एक प्रोजेक्टर एवढेच तिचे वैभव. सुटीत प्रणाली बदलली. शाळा उघडली त्याच दिवशी ऊसतोडीस निघालेले एक कुटुंब दाराशी आले. मुलाचे शिक्षण हमी पत्रक त्यांना हवे आहे, म्हणजे कारखान्याच्या गावी त्यास शाळेत बसता येईल. ट्रॅक्टर संध्याकाळी निघावयाचा आहे, आणि प्रिंटर काही केल्या छापीत नाही. पत्रक हातात नसेल तर मूल तिकडे गेल्यावर फडातच राहण्याचा धोका खरा आहे. अशा वेळी घाईने दहा ठिकाणी हात लावण्याचा मोह होतो आणि तोच अधिक घातक ठरतो. एका वेळी एकच बदल करावा व त्याचा परिणाम पाहून मगच दुसरा करावा. वर्गात विज्ञानाच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना जे शिकविले जाते तेच येथे आचरावयाचे आहे.

प्रथम दोष कोणाकडे आहे हे ठरवावे. बहुतेक प्रिंटर संगणकाची तार काढून, स्वतःच्या बटणावर एक चाचणी-पान छापून देतात. पान आले तर प्रिंटर निर्दोष आहे. यास अपवाद आहेत. कचेऱ्यांतून पुष्कळ आढळणारा लेझरजेट १०२० हा प्रिंटर सुरू झाला की आपली स्वतःची आज्ञावलीही दर वेळी संगणकाकडूनच मागून घेतो. संगणकाशिवाय तो जवळजवळ मुका आहे. अशा प्रिंटरला योग्य ड्रायव्हर न मिळाल्यास तो दिवा लावून स्वस्थ बसतो आणि पाहणाऱ्यास तो जळला असे वाटते.

नंतर संगणक 'रिस्टार्ट' करावा. 'शट डाउन' करून पुन्हा सुरू करणे म्हणजे तेच, असा समज आहे, तो बरोबर नाही. अलीकडच्या विंडोजमध्ये जलद आरंभाची सोय चालू असते. तीत 'शट डाउन' करताना प्रणालीचा गाभा साठवून ठेवला जातो व पुढच्या वेळी तोच परत आणला जातो. 'रिस्टार्ट'मध्येच सर्व काही नव्याने सुरू होते. कित्येक तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

त्यानंतर प्रिंटरांची यादी पाहावी. एकाच प्रिंटरची दोन नावे तेथे दिसतात असे वारंवार आढळते. दुसऱ्या नावापुढे 'कॉपी १' असे लिहिलेले असते. नव्या प्रणालीने प्रिंटर नवा समजून त्यास निराळे पोर्ट, उदाहरणार्थ यूएसबी ००१ ऐवजी यूएसबी ००२, दिलेले असते. आणि शाळेची आज्ञावली मात्र जुन्याच नावाकडे कागद पाठवीत राहते. पत्र जुन्या पत्त्यावर जात आहे, एवढाच प्रकार. जे नाव काम करते ते मुख्य प्रिंटर म्हणून ठरवावे व दुसरे काढून टाकावे.

तरीही यश न आल्यास 'डिव्हाइस मॅनेजर' उघडावा. अडलेल्या साधनापुढे पिवळे चिन्ह असते व त्याच्या गुणधर्मांत एक संकेतांक लिहिलेला असतो. हा संकेतांक म्हणजे वैद्याने पाहिलेली नाडीच होय. २८ असल्यास ड्रायव्हर बसविलेलाच नाही. १० असल्यास साधनाला आरंभ करता आला नाही. ३९ असल्यास ड्रायव्हर बिघडला किंवा हरवला आहे. ५२ असल्यास ड्रायव्हरवरील डिजिटल सही पटली नाही. ४३ असल्यास साधनानेच दोष कळविला म्हणून प्रणालीने त्यास थांबविले आहे, आणि मग मात्र तार व साधन यांची तपासणी करावी. संकेतांक न पाहता ड्रायव्हर बदलीत बसणे हे ताप न मोजता औषध देण्यासारखे आहे.

कधी साधनाचे नावच दिसत नाही, 'अनोळखी साधन' एवढेच दिसते. तेथे 'तपशील' या भागातील हार्डवेअर क्रमांक वाचावा. त्यात 'व्हेन' या अक्षरांपुढील चार चिन्हे कारखान्याची व 'डेव्ह' या अक्षरांपुढील चार चिन्हे साधनाची असतात. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक. (इंटेलने आपल्या १९७८ च्या प्रख्यात प्रोसेसरचा क्रमांकच आपली ओळख म्हणून घेतला, ही गंमत मोठ्या विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी आहे.) या क्रमांकावरून ड्रायव्हर कोणाचा शोधावयाचा हे निश्चित कळते. तो शोधताना त्या कारखान्याच्या स्वतःच्या संकेतस्थळाबाहेर जाऊ नये. 'सर्व ड्रायव्हर एकाच ठिकाणी' देणाऱ्या सीडी आणि तालुक्याच्या बाजारातील पेनड्राइव्ह यांतून ड्रायव्हरबरोबर नको ते पाहुणेही येतात. ६४ बिटांचा ड्रायव्हर मिळत नसेल, तर काही कारखाने आपल्या अनेक प्रिंटरांसाठी मिळून एक सामायिक ड्रायव्हर देतात, तो लावून पाहावा.

आणि त्या संध्याकाळच्या ट्रॅक्टरचे काय? तपास कोठेही असो, दुपारपर्यंत यश न आल्यास पत्रक पीडीएफ स्वरूपात साठवून जवळच्या शाळेतून किंवा ग्रामपंचायतीतून छापून आणावे. यंत्राचा तपास दुसऱ्या दिवशी करता येतो.

ध्वनी व चित्र यांच्या तक्रारी बहुधा याहून सोप्या असतात. प्रोजेक्टर किंवा दूरदर्शन संच एचडीएमआय तारेने जोडलेला असेल, तर नव्या प्रणालीत आवाज त्या तारेतून जाऊ लागतो. प्रोजेक्टरला स्पीकर नसेल तर वर्गात शांतता! आवाज हरवलेला नसतो, दुसऱ्या वाटेने गेलेला असतो. ध्वनीच्या चिन्हावर दाबून योग्य स्पीकर निवडला की कविता ऐकू येते. पडद्यावरील अक्षरे एकाएकी मोठी व ओबडधोबड दिसू लागली, तर प्रणालीने चित्राचा कामचलाऊ ड्रायव्हर लावला आहे असे जाणावे व मूळ ड्रायव्हर बसवावा. प्रोजेक्टरवर काहीच दिसत नसल्यास विंडोजची कळ व 'पी' एकत्र दाबून 'डुप्लिकेट' निवडावे.

मागे फिरण्याची वाटही माहीत असावी. नवी प्रणाली जुन्यावर चढविली असेल तर सर्वसाधारणपणे दहा दिवसांपर्यंत जुन्या प्रणालीकडे परतता येते. त्यासाठी राखलेला जुना मजकूर मुदतीनंतर आपोआप पुसला जातो. म्हणून पहिल्या आठवड्यातच प्रत्येक साधन एकदा चालवून पाहावे. प्रोजेक्टर जानेवारीत लागणार आहे म्हणून जानेवारीपर्यंत थांबू नये. केवळ एका साधनाचा नवा ड्रायव्हर बाधला असेल तर सबंध प्रणाली परतविण्याची गरज नसते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या ड्रायव्हरपुरते 'रोल बॅक' करता येते.

विंडोज ११ च्या अटीत न बसणाऱ्या यंत्रांसाठी लिनक्स हा मार्ग आहे. केरळ राज्यातील शाळांनी मुक्त आज्ञावलींचा हा मार्ग बऱ्याच वर्षांपूर्वी स्वीकारला. भारतात सी-डॅकने बॉस नावाची लिनक्सवर आधारलेली प्रणाली तयार केली आहे. लिनक्सची मोठी सोय ही की, तिच्या बहुतेक प्रकारांत ती पेनड्राइव्हवरूनच, यंत्रातील काहीही न बदलता, चालवून पाहता येते. नेटवर्क लागते का, आवाज येतो का, प्रिंटर छापतो का, हे तासाभरात कळते. न जमल्यास पेनड्राइव्ह काढून घ्यावा. यंत्र पूर्ववत् असते. मात्र येथेही जुनेपणाला सीमा आहे. ऑगस्ट २०२५ मधील डेबियन १३ पासून ३२ बिटांच्या जुन्या संगणकांवर ती प्रणाली नव्याने बसविता येत नाही. तसेच कार्यालयाची एखादी आज्ञावली केवळ विंडोजवरच चालत असेल, तर त्या कामापुरते दुसरे यंत्र ठेवणे भाग आहे.

सर्व उपाय थकल्यावरच साधनाचे निर्लेखन सुचवावे, आणि प्रस्तावात 'नादुरुस्त' एवढाच मोघम शब्द न लिहिता कोणत्या प्रणालीवर, कोणत्या संकेतांकामुळे ते अडले हे नमूद करावे. ज्या शाळेत अजून जुनी प्रणाली आहे तेथे तेच साधन चालू शकेल काय, हे केंद्रातील शिक्षकांच्या बैठकीत विचारून पाहावे. निर्लेखित यंत्रे भंगारवाल्यास देऊ नयेत. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडेच जावयास हवीत. पाठविण्यापूर्वी आतील हार्ड डिस्क काढून घेऊन मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद ठेवावी, कारण तीत गावातील मुलांची नावे, जन्मतारखा व आधार क्रमांक असतात.